मोटर लावली म्हणजे मनगट सुटले का?

प्रश्न : मी भोसरी येथील एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काम करते. मायक्रोपिपेटने (द्रवाचे अगदी लहान माप ओढून सोडण्याच्या हातातल्या साधनाने) नमुन्यांची सौम्य द्रावणे तयार करणे आणि गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी (वाफेतील घटक वेगळे करून मोजण्याच्या तपासणीसाठी) हेडस्पेस व्हायलवर, म्हणजे द्रवावर वाफेसाठी मोकळी जागा ठेवलेल्या काचेच्या कुपीवर, अ‍ॅल्युमिनियमची टोपणे हाताच्या क्रिंपरने आवळणे, हे माझे रोजचे काम आहे. काही महिन्यांपासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो आणि घरी जाताना स्कूटरचा ब्रेक दाबला तरी कळ येते. विभागाकडे यंदा थोडी रक्कम शिल्लक असून त्यातून एक इलेक्ट्रॉनिक पिपेट घ्यावे, असे वरिष्ठांचे मत आहे. त्याने दुखणे थांबेल का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : आपण पत्रात दोन कामांचा उल्लेख केला आहे आणि खरेदीचा विचार मात्र एकाच कामासाठी चालला आहे. आधी दोन दिवस स्वतःकडे नीट लक्ष द्या आणि कळ नेमकी कोणत्या हालचालीच्या वेळी येते, हे कागदावर टिपून ठेवा. मोटर ज्या हालचालीचा जोर स्वतःकडे घेते, तेवढ्याच हालचालीपुरता हाताला आराम मिळतो. बाकीचे श्रम जिथल्या तिथे राहतात.

माझे मत विचाराल, तर रक्कम एकाच उपकरणापुरती असल्यास प्रथम बॅटरीवर चालणाऱ्या क्रिंपरचा विचार व्हावा. हेडस्पेस व्हायलचे टोपण साधारणतः 20 मिलिमीटरचे असते आणि ते आवळण्यासाठी पकडीसारख्या क्रिंपरच्या दोन्ही मुठी पूर्ण फाकवून मग शेवटपर्यंत दाबाव्या लागतात. पंजा जितका अधिक उघडलेला, तितकी पकड दुबळी. त्यामुळे लहान पंजाच्या व्यक्तीला हे काम अधिक जड जाते. मोटरच्या क्रिंपरमध्ये जबडा टोपणावर बसवून बटण दाबले की ठरवून दिलेल्या मापापर्यंत तो स्वतःच आवळतो. याचा फायदा हाताइतकाच निकालालाही होतो, कारण संध्याकाळी थकलेल्या हाताने सैल आवळलेल्या टोपणातून वाफ निसटते आणि आकडे हलतात. टोपण बोटांनी फिरवून पाहावे; सहज फिरत असेल तर ते सैल आहे. मध्यभागी खोलगट दबले असेल तर माप जास्त झाले आहे. सेप्टमची, म्हणजे टोपणातील रबरी चकतीची, जाडी बदलली की हे माप पुन्हा बसवावे लागते, ही गोष्ट विक्रेते क्वचितच आपणहून सांगतात. यंत्र हाताच्या क्रिंपरपेक्षा जड असते, म्हणून व्हायल डाव्या हातात उचलून न धरता टेबलावर ठेवावी आणि यंत्राचा भार तिच्यावर टेकू द्यावा. व्हायलमध्ये ज्वालाग्राही द्रावक असेल, तर त्याच्या वाफांजवळ हे यंत्र वापरण्यास उत्पादकाची परवानगी आहे का, हे खरेदीपूर्वीच पुस्तिकेत पाहावे.

आता पिपेटविषयी. अंगठ्याने दांडा दाबायचे स्प्रिंगचे मायक्रोपिपेट जर्मनीतील मारबुर्ग येथे हाइन्रिख श्निट्गर यांनी 1957 साली घडवले आणि तोंडाने द्रव ओढण्याची धोकादायक पद्धत त्यामुळे मागे पडत गेली. अंगठ्यावरचा भार मात्र तेव्हापासून कायम राहिला. एका मापासाठी अंगठा पहिल्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा, पुन्हा तेथपर्यंत आणि पुढे दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून तो सोडायचा आणि शेवटी टिप (पिपेटच्या टोकावर बसवायची प्लास्टिकची नळी) काढण्यासाठी वेगळे बटण दाबायचे. या सगळ्यांत बहुधा सर्वांत जास्त जोर टिप काढतानाच लागतो, आणि त्याला बऱ्याच अंशी आपली सवय कारणीभूत असते. टिप रॅकमध्ये खिळा ठोकल्यासारखी दोन-तीनदा आपटून बसवली, की ती काढताना अंगठ्याला त्याची किंमत मोजावी लागते. पिपेटला जुळणारी टिप एकदा हलकेच दाबली तरी नीट बसते; नसेल बसत, तर ती टिप त्या पिपेटची नव्हे.

इलेक्ट्रॉनिक पिपेटमध्ये दट्ट्या मोटर हलवते आणि बोटाला केवळ हलका स्पर्श करावा लागतो. एकदाच द्रव ओढून तो समान भागांत अनेक नळ्यांमध्ये सोडण्याची सोय असल्यामुळे आपल्यासारख्या कामात दाबण्याची संख्याही पुष्कळ घटते. मात्र अशा पिपेटच्या अनेक मॉडेलमध्ये टिप काढण्याचे काम अंगठ्याकडेच ठेवलेले असते, तेव्हा ‘टिपही मोटरच काढते का?’ हा प्रश्न विक्रेत्याला आवर्जून विचारा. बॅटरीमुळे वजन वाढते, म्हणून आठवडाभर प्रत्यक्ष वापरून पाहिल्याशिवाय मागणी नोंदवू नका. प्रात्यक्षिकासाठी यंत्र ठेवून घेण्यात संकोच कसला!

भार किती झाला म्हणजे जास्त, याचा एक अंदाज देतो. स्वीडनमधील महिला तंत्रज्ञांविषयी 1994 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षाला 300 तासांहून अधिक पिपेट वापरणाऱ्यांमध्ये हाताच्या आणि खांद्याच्या तक्रारी वाढलेल्या आढळल्या. वर्षाचे 250 कामाचे दिवस धरले, तर हे रोजचे जेमतेम सव्वा तास होतात, आणि आपले काम बहुधा त्याहून जास्तच असेल. खांद्याला मोटरचा उपयोग नाही. टिप टाकायचे भांडे उंच असेल, तर प्रत्येक वेळी कोपर वर उचलावे लागते. ते भांडे कमी उंचीचे घ्या आणि जवळ ठेवा.

आपण वर्णन केलेला ठणका अंगठ्याच्या स्नायुबंधांवरील आवरणाला सूज आल्याचे लक्षण असू शकतो. फ्रिट्झ द केर्व्हेन या स्विस शल्यचिकित्सकाने 1895 साली या विकाराचे वर्णन केले होते. बोटांत, विशेषतः रात्री, मुंग्या येत असतील तर प्रकरण मनगटातील नसेचे असू शकते आणि त्याचा उपचार वेगळा आहे. नवे यंत्र येईपर्यंत वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांना हात दाखवा आणि स्कूटरच्या ब्रेकचाही उल्लेख करा, कारण हिंजवडी असो वा भोसरी, वाहतुकीत पुन्हा पुन्हा ब्रेक आवळल्याने कामावरून सुटलेल्या हाताला विश्रांती मिळतच नाही.

प्रश्न : सदाशिव पेठेत माझी लहान पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आहे. सहायकांच्या सोयीसाठी मोटरचे पिपेट घेतले, तर एनएबीएलचे (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे) परीक्षक हरकत घेतील का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पिपेट मोटरचे आहे एवढ्यावरून हरकत घेण्याचे कारण नाही. पिपेटसारख्या साधनांविषयीची आयएसओ 8655 ही आंतरराष्ट्रीय मानके हाताच्या आणि मोटरच्या अशा दोन्ही पिपेटना लागू होतात. परीक्षक पाहतील ते कॅलिब्रेशनचे, म्हणजे माप अचूक असल्याच्या तपासणीचे, प्रमाणपत्र आणि त्याची मुदत. ही तपासणी पाण्याचे वजन करून होते आणि पिपेटच्या कमाल मापाच्या 10, 50 व 100 टक्क्यांवर केली जाते. मधल्या काळात स्वतः पडताळणी करणार असाल, तर एप्रिल-मे महिन्यांतील पुण्याची कोरडी हवा लक्षात घ्या, कारण लहान मापाचे पाणी वजन होईपर्यंत उडून जाते आणि दोष नसलेले पिपेट दोषी ठरते. सीरम पाण्यापेक्षा दाट असल्याने ओढण्याचा वेग कमी ठेवावा आणि तो वेग कार्यपद्धतीत लिहून ठेवावा, म्हणजे प्रत्येक सहायक आपापल्या मर्जीने तो बदलणार नाही. बॅटरी ऐन गर्दीच्या सकाळी संपू शकते, म्हणून हाताचे एक पिपेट जवळ असू द्या आणि त्याचेही कॅलिब्रेशन चालू ठेवा.