हिरवी पावडर काळी का पडली, आणि दुकानातली घ्यावी का

ताई, तुम्ही मातीच्या भांड्यांच्या ग्लेझसाठी (भट्टीत काचेसारखा होणारा लेप) हिरवं कॉपर कार्बोनेट घरी करायला गेलात, मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि सोड्याचा गाळ गॅसवर सुकवताना काळा पडला, आणि दुकानदार म्हणतो घरी होतच नाही, आमचं तयार कॉपर कार्बोनेट घ्या, हे वाचलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं.

काळं झालं ते कॉपर ऑक्साइड, फेकू नका, ग्लेझमध्ये चालतं, फक्त १४० ग्रॅम कार्बोनेटच्या जागी साधारण १०० ग्रॅम घ्या. पुढच्या वेळी गॅस नको, पंख्याखाली सुकवा. १०० ग्रॅम मोरचुदाला खाण्याचा सोडा ६७-६८ ग्रॅम लागतो, हळूहळू घाला नाहीतर फेस उतू जातो, आणि जर्मनचं पातेलं अजिबात नको, मोरचूद अॅल्युमिनियम खातो. गाळ आधी निळसर दिसेल, तसाच राहू द्या, हिरवा होतो. गाळणं-धुणं तुम्हाला माहीतच असेल.

आता दुकान. नाव घेत नाही, पण मला एकाने छान हिरवट पावडर दिली, पुडीवर पेनने ‘कॉपर कार्ब’ लिहिलेलं, आणि भट्टीतून सगळी भांडी फोड आलेली निघाली, महिन्याचं काम मातीत! परत गेलो तर म्हणे बिल कुठंय, बॅच नंबर कुठंय, अहो तुम्हीच दिला नाहीत ना! उरलेल्या पावडरीवर व्हिनेगर टाकलं तर एक बुडबुडा नाही, खाली चिखलासारखा गाळ. खरं कार्बोनेट फसफसत विरघळतं आणि स्वच्छ निळसर-हिरवं पाणी उरतं. माझ्या मते ते द्राक्षांवर मारतात ते कॉपर ऑक्सिक्लोराइड होतं, रंग तसाच दिसतो. लॅबमधून तपासलेलं नाही, मी केमिस्टही नाही, पण चिमूटभर पावडर दुकानातच तपासा, ‘नाही’ म्हणाला तर सरळ उठा. लेबलवर नुसतं कॉपर कार्बोनेट असेल तर घाबरू नका, बाजारात मिळतं ते ‘बेसिक’च, म्हणजे हायड्रॉक्साइडसोबतचं, मॅलाकाइट या हिरव्या खनिजाचंच सूत्र. निव्वळ कार्बोनेट पहिल्यांदा १९७३ मध्ये बनलं, तेही प्रचंड दाबाखाली.

घरी करताना गाळाच्या वरचं पाणी निळं असेल तर तांबं अजून आत आहे, थोडा सोडा घाला, तसंच मोरीत ओतू नका, माशांना फार वाईट. पावडर नाकात जाऊ देऊ नका. आणि शिसं असलेल्या ग्लेझमध्ये हे मुळीच घालू नका, तांब्यामुळे शिसं जास्त सुटतं. लोणच्याची बरणी करत असाल तर हिरवा बाहेरूनच, आतून साधं पारदर्शक, बिनशिशाचं.