ऑरलँडोचं ॲनिमल किंगडम आणि ते नव्वद मिनिटांच्या नाश्त्याचं आमंत्रण

"हॉटेल बुक केल्यावर फोनवरच्या माणसाने ऑफर दिली, रिसॉर्टवर ९० मिनिटांचा नाश्ता आणि माहिती, की लगेच ॲनिमल किंगडमची तिकिटं निम्म्या भावात. सकाळी आठला जाऊन साडेदहापर्यंत पार्कात पोचू. उरलेल्या दिवसात काय काय होईल?" तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य मी दोनदा वाचलं. २०१८च्या जूनमध्ये आम्ही नेमका हाच हिशेब मांडला होता, अगदी साडेदहासकट. म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे.

आधी उत्तर देते. ते आमंत्रण म्हणजे टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरातला दर वर्षीचा ठरावीक मुक्काम, विकायची बैठक असते. ते नाकारा. अगदीच घ्यायचं असेल तर निदान पार्कच्या दिवशी घेऊ नका. डिस्नीचं ॲनिमल किंगडम, म्हणजे राइड आणि मोकळे प्राणी दोन्ही असलेलं पार्क, हे सकाळचं पार्क आहे. बाकीच्या पार्कांत उशिरा पोचलात तर रांगा लांबतात, एवढंच होतं. इथे उशीर झाला तर प्राणीच दिसत नाहीत, आणि तेरा जणांची मोट बांधून तुम्ही प्राणी बघायलाच निघाला आहात ना?

आम्ही हॉस्टेलच्या चौघी, चौघींचे नवरे आणि पाच मुलं, तेराच जण होतो. तीन वेगवेगळ्या राज्यांतून, अकरा वर्षांनी एकत्र आलो होतो. आमच्या बाबतीत ऑफर हॉटेलच्या लॉबीतल्या डेस्कवरून आली. अट अशी की नवरा-बायको दोघांनी यायचं, दोघांचे आयडी आणि क्रेडिट कार्ड आणायचं, आणि एका ग्रुपमधून एकच जोडपं चालेल. ही शेवटची अट नीट वाचा, तुमच्या कागदावरही असेल. मित्रमंडळींना एका टेबलावर बसवलं की कोणीतरी एक जण "अरे, राहू दे" म्हणतो आणि विक्री बुडते, म्हणून ती अट असते. डेस्कवरच्या बाईंनी हळूच सुचवलं, "दोन जोडपी या, फक्त एकमेकांना ओळखत नाही असं सांगा." आठ तिकिटं निम्म्या भावात मिळणार होती, म्हणजे साधारण साडेचारशे डॉलर वाचणार होते. आम्ही हो म्हणालो. त्या सगळ्या सहलीत केलेली सगळ्यात मोठी चूक हीच.

मोठा हॉल, गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि एक विक्रेता. आम्ही खिडकीपाशी, आणि हॉस्टेलात चार वर्षं माझी रूममेट असलेली मैत्रीण आणि तिचा नवरा हॉलच्या दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरलेलं होतं. नाश्ता म्हणजे दोन मफिन आणि कॉफी. पहिला तास गोड गप्पा, मुलांची नावं, पुढच्या दहा वर्षांत कुठे कुठे फिरायचं आहे. मग मॉडेल फ्लॅट दाखवायला नेलं, परत आणलं, आणि आकडे सुरू झाले. आम्ही नाही म्हणालो की तो उठून मॅनेजरला आणायचा आणि मॅनेजर कमी आकडा लिहायचा. पुन्हा नाही म्हटलं की तिसरा माणूस, आणखी कमी आकडा. प्रत्येक जण नव्याने खुर्ची ओढून बसायचा आणि पहिल्यापासून बोलायचा. साडेदहा वाजले, साडेअकरा वाजले. हॉटेलवर बाकीची दोन जोडपी आणि पाच मुलं बूट घालून बसलेली, मला दर दहा मिनिटांनी मेसेज. तिकिटं शेवटच्या काउंटरवर मिळणार, म्हणून उठूनही जाता येईना.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला टाळ्या वाजल्या. तिथे कोणी सही केली की सगळा हॉल टाळ्या वाजवतो. मी वळून बघितलं तर ते माझ्या मैत्रिणीचं टेबल होतं. तिच्या नवऱ्याच्या हातात पेन होतं आणि ती हसत होती, पण ते तिचं हसू नव्हे हे मला इतक्या लांबूनही कळलं. परीक्षेला पेपर अवघड गेला की ती असंच हसायची. मला उठून तिच्यापाशी जायचं होतं, आणि मी गेले नाही, कारण आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो. हे मला अजून छळतं. एकोणीस हजार डॉलरचा करार, एकोणीसशे त्याच क्षणी कार्डावरून, आणि पुढे दर वर्षीचा मेंटेनन्स वेगळा.

पार्कच्या गेटवर पोचलो तेव्हा दीड वाजला होता. सफारीच्या रांगेत सव्वा तास. किलिमांजारो सफारीचा ट्रक वीस मिनिटांत सगळ्या गवताळ माळावरून फिरवून आणतो. ट्रक उघडा असतो, आणि प्राणी खरोखरचे, पिंजऱ्याविना, मध्ये खंदक आणि झाडीत लपवलेली कुंपणं. पण जूनमधल्या दुपारी तीनच्या उन्हात कोण बाहेर उभं राहणार? गेंडे झाडाखाली, पाणघोडे पाण्याखाली. सिंहांच्या खडकापाशी ड्रायव्हरने ट्रक हळू केला आणि आम्हाला दिसलं ते खडकावरून लोंबणारं एक शेपूट. माझ्या मुलाने विचारलं, "आई, सिंह कुठाय?" आणि ट्रक पुढे गेला. उतरलो तर आभाळ भरून आलेलं. फ्लोरिडात उन्हाळ्यात दोन्ही किनाऱ्यांवरचे समुद्री वारे मधल्या भागात येऊन भिडतात, त्यामुळे दुपारी वीज-पाऊस हे रोजचंच. विजा आल्या की उघड्यावरच्या राइड बंद. एव्हरेस्टची रोलरकोस्टर बंद, काली नदीची तराफ्याची राइड बंद, सफारीही बंद. आम्ही एका दुकानाच्या वळचणीला तासभर उभे राहिलो. मैत्रीण एक शब्द बोलत नव्हती. आम्हाला वाटलं दमली असेल.

रात्री ती आमच्या खोलीत आली आणि रडली. दोघांनाही ते नको होतं. पाच तास नाही म्हणून म्हणून त्यांची ताकद संपली होती, एवढंच.

आता हे ज्याला लागू असेल त्याने नीट वाचा. मी वकील नाही, आणि इतर राज्यांत नियम वेगळे आहेत. पण फ्लोरिडात टाइमशेअरच्या करारावर सही केल्यापासून १० दिवसांत तो रद्द करायचा हक्क कायद्याने आहे. मोजायचे ते कॅलेंडरचे दिवस, सुट्ट्या धरून. लेखी कळवावं लागतं, आणि पत्र पाठवल्याची तारीख धरली जाते, पोचल्याची नाही. "मी हा हक्क सोडतो" असं कुठे लिहून घेतलं तरी त्याला अर्थ नाही. हे करारातच छापलेलं असतं. आमच्यातल्या चौथीने रात्री दोन वाजता ते शोधून काढलं.

मग सुरू झाला त्या ऑफिसचा दुसरा अध्याय. नाव लिहीत नाही. फोन केला तर "हे दुसऱ्या विभागाकडे आहे." दुसरा विभाग म्हणे, "तुमची फाइल अजून सिस्टिममध्ये आली नाही, सोमवारी करा." सोमवारी, "मॅनेजर तुम्हाला फोन करतील." मॅनेजरने फोन केला तो आणखी चांगली ऑफर द्यायला. फोनवर सगळे अदबीने बोलतात आणि तुमचा एकेक दिवस जातो. असे पाच दिवस गेले. मुळात फोनची गरजच नव्हती! सहाव्या दिवशी त्या मैत्रिणीने एका पानाचं पत्र लिहिलं, त्यात करार क्रमांक, दोघांची नावं आणि "आम्ही हा करार रद्द करत आहोत" एवढंच, कारण नाही की माफी नाही. दोघांच्या सह्या, करारात दिलेल्या पत्त्यावर, पोस्टातून सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह. तीन आठवड्यांत कार्डावर पैसे परत आले. पहिल्या दिवशीच पत्र टाकलं असतं तर ते पाच दिवस तिला झोप लागली असती.

सगळे टाइमशेअर वाईट असं मी म्हणत नाही. माझी नणंद तिच्या टाइमशेअरवर खूश आहे, दर वर्षी वापरते. पण तो घरी बसून, कागद वाचून घ्यायचा निर्णय आहे. मुलं बूट घालून वाट बघत असताना घ्यायचा नव्हे.

तुम्ही फोनवर डिपॉझिट भरलंय असं लिहिलंय. पावतीवर रद्द करायची मुदत बघा आणि आजच ईमेलने रद्द करा, फोनने नको. डिपॉझिट बुडालं तरी बुडू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ते नाही तर दुसरं म्हणून रस्त्यावरच्या दुकानांकडे वळू नका. ऑरलँडोजवळच्या किसिमी गावात १९२ नंबरच्या हायवेवर "स्वस्त तिकिटं" लिहिलेल्या टपऱ्या दिसतील. कोणाच्या तरी चार दिवसांच्या तिकिटातला उरलेला एक दिवस विकणारे लोकही त्यात असतात. डिस्नीची तिकिटं दुसऱ्याला देता येत नाहीत, आणि प्रवेशावर बोटाचा स्कॅन असतो. पहिल्या माणसाचं बोट आणि तुमचं बोट जुळणार कसं? तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागतच नाही, हे तुमच्यातल्या धाकट्यासाठी.

आम्ही २०१९च्या डिसेंबरात पुन्हा गेलो. पूर्ण भावाची तिकिटं काढून, तेच तेरा जण. उघडायच्या वेळेआधी पाऊण तास गेटवर होतो, आणि शिरल्यावर थेट पार्कच्या आफ्रिका भागाकडे, जिथे सफारी आहे. हवेत गारवा होता. एक जिराफ रस्त्यातच उभा, ट्रक थांबला, आणि ड्रायव्हर म्हणाली, त्याची मर्जी होईपर्यंत थांबायचं. त्याची मान आमच्या छतावरून पलीकडे गेली तेव्हा जिभेचा जांभळट काळा रंग दिसला. मुलगा श्वास रोखून बसला होता. आणि खडकावर सिंह उभा होता, आख्खा, तोंड आमच्याकडे. मैत्रिणीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला.

हे सकाळीच होतं याचं कारण साधं आहे. रात्री बहुतेक प्राणी आतल्या गोठ्यांमध्ये असतात, सकाळी त्यांना बाहेर सोडतात, तेव्हा ते ताजेतवाने असतात आणि ऊन कोवळं असतं. सिंह तसाही दिवसातले सोळा-वीस तास झोपतो.

सकाळी उघडल्या उघडल्या बहुतेक गर्दी पँडोराकडे, म्हणजे 'अवतार' सिनेमावरच्या भागाकडे, तिथल्या फ्लाइट ऑफ पॅसेज या राइडला पळते. त्या राइडसाठी पैसे भरून लायटनिंग लेन सिंगल पास, म्हणजे लांब रांग टाळायचा एका राइडचा पास, घ्या. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी, सकाळी सातला बुकिंग उघडतं. एरवी मी असल्या पासांच्या विरोधात आहे, पण इथे त्या पैशांत सफारीची सकाळ वाचते. तुमच्यातल्या कोणाला परवडत नसेल तर आधीच मोकळेपणाने बोला. तेरा जणांनी सगळ्या राइड एकत्र करायच्या हा हट्ट धरू नका.

उंचीची अट अशी: एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेजला ४४ इंच, कालीला ३८. लहान मुलं असलेल्यांनी रायडर स्विच मागा, फुकट असतो. निम्मे मोठे राइड करून येतात, निम्मे मुलांपाशी थांबतात, मग दुसऱ्यांना पुन्हा रांग लावावी लागत नाही. काली नदीत अंगभर भिजायला होतं, तर जुलैमध्ये जाताय तेव्हा कोरडे मोजे पिशवीत टाका.

आता थोडं विषयाबाहेर, पण मला राहवत नाही. सफारी झाली की सगळे पुढे पळतात आणि पार्कच्या आशिया भागातली महाराजा जंगल ट्रेक ही पायवाट सोडून देतात. ते सोडू नका. पडक्या राजवाड्याच्या कमानींतून वाघ दिसतो, ऊन वाढायच्या आत गेलात तर चालता-फिरता. पुढे वटवाघळांची जागा आहे, खिडकीला काच नाही, आणि हातभर पंखांची वटवाघळं समोर कलिंगड खात लटकलेली. कल्पित गावाचं नाव आनंदपूर. एव्हरेस्टच्या रांगेत नेपाळी पाट्या देवनागरीत आहेत. दोन्ही वर्षं सगळ्यात जास्त मजा आमच्या मुलांना ती अक्षरं जोडून वाचण्यातच आली. अमेरिकेत वाढलेल्या मुलांनी "चिया" वाचून "आई, चहा!" ओरडणं काय असतं ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळणार नाही.

तुमचा जेवणाचा प्रश्न राहिलाच. बाहेरचं खाणं आत नेता येतं, काच आणि दारू तेवढी नाही. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गुळाच्या वड्या नेल्या होत्या, बॅग तपासणाऱ्याने बघितल्या आणि हसून सोडलं. आत शाकाहारी काही हवं असेल तर पँडोरातल्या सातुली कँटीनमध्ये टोफूचा बोल मिळतो, भातावर घ्या आणि तिखट वेगळं मागा. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, कोणत्याही खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात. स्ट्रॉ मात्र कागदाचाच मिळेल. प्लॅस्टिकचा स्ट्रॉ किंवा फुगा प्राण्यांच्या पोटात जाऊ नये म्हणून ते दोन्ही तिथे चालत नाही, तेव्हा धाकट्याला वाढदिवसाचा फुगा घेऊन जायचा विचार असेल तर तो हॉटेलवरच ठेवा.