'मेडे' म्हणायला संकोच नको

कुडाळचा पोरगा पायलट व्हायला निघालाय, फार बरं वाटलं. रेडिओचं एक आत्ताच मनावर घे. जीव धोक्यात असेल तर 'मेडे' तीनदा, स्पष्ट. तेवढा धोका नाही पण तातडीची अडचण आहे, तर 'पॅन-पॅन' तीनदा. गुळमुळीत बोलणं फार महागात पडतं. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ एव्हियांका कंपनीच्या ५२ क्रमांकाच्या उड्डाणाचं इंधन संपलं, विमान कोसळलं, ७३ माणसं गेली. इंधन संपत आल्याचं वैमानिकांनी सांगितलं होतं, प्राधान्यही मागितलं होतं. 'आणीबाणी' असं मात्र कंट्रोलरला, म्हणजे जमिनीवरून विमानांना मार्ग सांगणाऱ्याला, कुणी म्हटलंच नाही. आपल्याला मोठ्यांशी आडून, नमतं घेऊन बोलायची सवय असते. कॉकपिटमध्ये ती चालत नाही.

तरी आधी विमान सांभाळ, मग दिशा, बोलणं त्यानंतर. हात गुंतलेले असताना कंट्रोलरने काही विचारलं तर 'स्टँडबाय' म्हण. सवड मिळाली की कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), काय बिघडलं, काय करणार, किती माणसं, किती वेळाचं इंधन, हे सांग. ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर) आणीबाणीचा कोड ७७०० लाव, रेडिओच गेला तर ७६००. चालू फ्रिक्वेन्सीवरच हाक दे, उत्तर नाही आलं तर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर.

आणि आपल्या किनाऱ्यावरचा पाऊस तुला ठाऊक आहे. आषाढात चिपीच्या विमानतळावर धावपट्टी दिसेना, तर गोव्यातल्या मोपा विमानतळाकडे वळायचं की घिरट्या घालायच्या, हे टाकीत पुरेसं इंधन असतानाच ठरव आणि कंट्रोलरला लगेच सांग.