नकाशा दरीतही हवा, तर महिना आधी ठरवा

प्रश्न : आम्ही आठ-दहा जणी महूच्या पुढे, चोरल नदीच्या खोऱ्यातले पाणवठे नोंदवतो आहोत. घाट उतरला की नेटवर्क जातं. घरून उपग्रहाचं चित्र उघडून नेलं तरी तिथे पोहोचेपर्यंत पडदा पांढरा. साधारण ४० बाय ३० किलोमीटरचा भाग फोनमध्ये कायमचा ठेवता येईल का? गूगलच्या नकाशाचे चौकोनी तुकडे (टाइल्स) घाऊक उतरवणारं एक सॉफ्टवेअर कुणीतरी सुचवलंय. — एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, ठेवता येतो. पण ते सॉफ्टवेअर नको. गूगलच्या अटींत असं उतरवून साठवायला मनाई आहेच. शिवाय ते चित्र कोणत्या महिन्यातलं हे तुम्हाला धड कळणार नाही, आणि पाणवठ्यांच्या कामात सगळं त्यावरच आहे. पाताळपाणी-कालाकुंडच्या बाजूला मी झाडांच्या नोंदी करत असे. ऑक्टोबरच्या चित्रात तिथे नुसतं हिरवं. एप्रिलमध्ये सागाची पानं झडलेली, नाल्याची वाट आणि उरलेलं पाणी उघडं पडलेलं. तुम्हाला एप्रिलच हवा.

युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, तारीख निवडून. कमी ढगांची तारीख घ्या. उतरवलेल्या फोल्डरमध्ये टीसीआय नावाची १० मीटरची फाइल असते, म्हणजे तिचा एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा. तिचे रंग तयार असतात, वेगवेगळ्या प्रकाशाचे पट्टे (बँड) जुळवत बसावं लागत नाही. ती क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

आता झूम, म्हणजे नकाशा किती जवळून दिसावा त्याची पायरी. फोनमध्ये ठेवायचा नकाशाही चौकोनी तुकड्यांचाच करावा लागतो. इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो, माझाही झाला होता. एक पायरी वर गेलं की तुकडे चौपट होतात. तुमच्या भागाला झूम १४ वर अडीचशेच्या आसपास तुकडे लागतील, १७ वर सुमारे पंधरा हजार, १८ वर साठ हजारांहून जास्त. मी हट्टाने १८ पर्यंत केले. लॅपटॉप रात्रभर चालला, फोनचं कार्ड भरलं, आणि दरीत उघडलं तर तेच पुसट चित्र ताणून मोठं केलेलं. इंदूरच्या अक्षांशावर झूम १४ चा एक ठिपका जमिनीवर सुमारे ९ मीटरचा असतो. मूळ चित्रच १० मीटरचं, मग त्यापुढे नवं काय दिसणार? १४ वर थांबा.

तुकडे करण्याआधी गावांची नावं, पायवाटा, आधी नोंदवलेले पाणवठे वेगळ्या थरांत चढवून घ्या. त्या वेळी पडद्यावर जे दिसतं तेच तुकड्यांत छापलं जातं, त्यामुळे नावं देवनागरीत हवी असतील तर तीही तेव्हाच. हे काम मन लावून करा. दरीत उतरल्यावर गावातल्या आजीला नकाशावर तिच्याच पाड्याचं नाव दाखवता आलं की ती पुढचा झरा आपणहून सांगते.

मग क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये 'जनरेट एक्सवायझेड टाइल्स' शोधा. दोन साधनं दिसतील, एमबीटाइल्सचं घ्या. दुसऱ्याने शेकडो सुट्या फाइली होतात, याने एकच. कमीत कमी झूम ९, जास्तीत जास्त १४, प्रकार जेपीजी. ही फाइल क्यूफील्ड या फोनवरच्या अॅपच्या प्रकल्पात ठेवली की त्याच नकाशावर नोंदीही करता येतील. दुसऱ्या कुणाला नकाशा दिलात तर त्यावर कोपर्निकसचा आणि चित्राच्या वर्षाचा उल्लेख हवा, ती त्यांची अट आहे.

एक मात्र लक्षात असू द्या. दहा मीटरहून लहान डबकं यात दिसणार नाही, विहीर तर नाहीच. त्यांच्यासाठी पायीच जावं लागेल, आणि आजवर तुम्ही नोंदवलेले पाणवठे बहुधा तसेच असतील.

निघायच्या आदल्या दिवशी फोन विमान मोडवर टाकून चोरलचं धरण शोधून पाहा. ते दिसलं की तीच फाइल केबलने बाकीच्या जणींच्या फोनमध्ये घाला.