फिजिक्स घेतलंय, पण ओढ मेंदूची आहे

प्रश्न : मी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेंदूतल्या सिनॅप्सवर, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडावर, कॅल्शियम वाहिन्या न्यूरोट्रान्समीटर हे निरोप्या रसायन कसं बाहेर सोडायला लावतात, यावरचं एक व्याख्यान ऐकलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. बारावीनंतर जीवशास्त्र सुटलं. बाबा म्हणतात, आता शाखा बदललीस तर वर्षं वाया जातील. काय करू?

उत्तर : शाखा बदलू नकोस. ज्या प्रश्नाने तुला झपाटलंय तो मुळात अंतराचा आणि वेळेचा प्रश्न आहे, म्हणजे तुझ्याच विषयातला.

चेतातंतूच्या टोकाशी विद्युत स्पंद पोचला की पेशीच्या पटलावरच्या कॅल्शियम वाहिन्या, म्हणजे कॅल्शियमला आत येऊ देणारी दारं, उघडतात. पेशीत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं, त्यामुळे ते आत घुसतं. तिथे जेमतेम 40 नॅनोमीटर व्यासाच्या, न्यूरोट्रान्समीटरने भरलेल्या पिशव्या पटलाला टेकून तयारच असतात. त्यांच्यावरचं सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन कॅल्शियम पकडतं, पिशवी पटलात मिसळते आणि आतला माल बाहेर पडतो. हे सगळं एक मिलिसेकंद पुरा व्हायच्या आत!

1967 साली डॉज आणि राहामिमॉफ यांनी बेडकाच्या चेता-स्नायू जोडावर बाहेरचं कॅल्शियम कमीजास्त करून प्रतिसाद मोजला. दोन्ही अक्ष लॉगरिदमचे घेतल्यावर रेषेचा उतार जवळपास 4 आला. म्हणजे कॅल्शियम कमी असताना ते निम्मं केलं, तर स्राव, म्हणजे बाहेर पडणारा न्यूरोट्रान्समीटर, सोळाव्या हिश्शावर येतो. एका पिशवीसाठी अनेक कॅल्शियम आयन एकत्र लागतात, हा अंदाज त्या उतारावरून बांधता आला.

मला याहूनही आवडतो तो ईजीटीए आणि बाप्टाचा प्रयोग. पेशीत सोडलेली ही दोन्ही रसायनं कॅल्शियमला जवळपास सारख्याच घट्टपणे धरतात, पण बाप्टा कितीतरी चपळ. बाप्टाने स्राव थांबला आणि ईजीटीएने फारसा थांबला नाही, तर वाहिनी पिशवीच्या अगदी लगत असणार. कॅल्शियमला वाटेत गाठायला ईजीटीएला वेळच मिळाला नाही. डोळ्यांना न दिसणारं अंतर वेगाच्या फरकावरून काढायचं! असा विचार करायची सवय तुला फिजिक्सने आधीच लावली आहे.

बाबांना एर्विन नेहर यांच्याबद्दल सांग. शिक्षण भौतिकशास्त्राचं. वैद्यकशास्त्र शिकलेल्या बर्ट झाकमान यांच्याबरोबर त्यांनी एकेका वाहिनीतला प्रवाह मोजणारं पॅच क्लॅम्प तंत्र उभं केलं आणि 1991 चं नोबेल दोघांना मिळालं. पुढे नेहर याच कॅल्शियम आणि स्रावाच्या प्रश्नाकडे वळले.

उरलेल्या काळात पेशीजीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्राची पायाभूत पुस्तकं नेटाने वाच. संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग पक्कं कर. मग एमएस्सीला जैवभौतिकी किंवा न्यूरोसायन्स.

पण सुट्टीत पेशींतले विद्युत प्रवाह मोजणाऱ्या एखाद्या इलेक्ट्रोफिजिऑलॉजीच्या प्रयोगशाळेत काही आठवडे काढल्याशिवाय निर्णय घेऊ नकोस, हे मात्र आग्रहाने सांगते. काचेची बारीक नळी पेशीला टेकवायची, नळी पेशीला घट्ट चिकटून व्हायला हवं ते सील जमत नाही, जमलं तर तुटतं, संध्याकाळी हाती एकही नोंद नाही. असे दिवस खूप येतात. ते सोसवत नसेल तर संगणकीय प्रतिरूपं किंवा गोठवलेल्या नमुन्यांची सूक्ष्म चित्रं घेणारी क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी हेही याच प्रश्नाकडे जाणारे मार्ग आहेत. पीएचडीला पाचेक वर्षं धर. त्यानंतरही संशोधनातल्या कायम जागा थोड्याच असतात, हे बाबांपासून लपवू नकोस. औषधनिर्मितीतही या ज्ञानाला जागा आहे. समुद्री शंकू-गोगलगायीच्या विषावरून घडवलेलं झिकोनोटाइड हे औषध एन-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या अडवून तीव्र वेदना शमवतं. 2004 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

आता एक गणित. वाहिनीपासून पिशवी 20 नॅनोमीटरवर आहे असं धर, मग 200 वर. विसरणाने, म्हणजे कणांच्या अस्ताव्यस्त हालचालीतून पसरत, तिथवर पोचायला कॅल्शियमला किती पट वेळ लागेल? उत्तर 10 नाही. ते का नाही, हे पुढच्या पत्रात मला लिहून पाठव.