आहार-सल्ला : कडक भाकरी, शेंगाचटणी आणि एकादशी

प्रश्न : वय 46, दुकानात बैठं काम. उपाशीपोटी साखर 112 आली, म्हणून पोळी-भात सोडून फक्त ज्वारीची कडक भाकरी सुरू केली. तीन महिने झाले. वजन घटलं नाही, साखरही तेवढीच. असं का?
— वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : उपाशीपोटी 100 ते 125 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. सावरायला अजून वेळ आहे. ज्वारी चांगलीच, पांढऱ्या भातापेक्षा तिच्यात चोथा कितीतरी जास्त. पण मालदांडी वाणाची ज्वारी झाली तरी ते धान्यच. 100 ग्रॅम पिठात सत्तरएक ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या आसपासच.

घोळ होतो तो कडक भाकरीत. ती पातळ आणि हाताला हलकी, त्यामुळे चार खाल्ल्या तरी पोटभर खाल्ल्यासारखं वाटत नाही. वाळताना पाणी उडालं, पीठ होतं तेवढंच राहिलं. शिवाय आपण ती वाडग्यात चुरतो आणि वर शेंगांची आमटी ओततो. आमटी उरली की आणखी अर्धी भाकरी चुरायची, चुरा उरला की आणखी एक पळी आमटी. हिशोब तिथंच सुटतो.

म्हणून एकदा पीठ मोजाच. काट्यावर 50 ग्रॅम पीठ घेऊन एक भाकरी करा आणि तो आकार डोळ्यांत बसवा. विकतच्या पाकिटावरच्या वजनाला नगांनी भागा. कडक भाकरीचं वजन जवळपास पिठाएवढंच भरतं. तुमच्यासारख्या बैठ्या कामाला एका जेवणात 100 ग्रॅमपर्यंत पीठ पुरे. त्या जेवणात वेगळा भात नको.

ताटाचा अर्धा भाग मेथी, गवार, दोडका, काकडी यांचा. बटाटा त्यात धरू नका. शिवाय मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं किंवा घट्ट वरण वाटीभर. आधी भाजी आणि उसळ निम्मी संपवा, मग भाकरीला हात लावा. साखर सावकाश चढते. जेवण झाल्यावर 15 मिनिटं चाला. वजन 80 किलो असेल तर 5 किलो उतरलं तरी मधुमेहाचा धोका बराच कमी होतो. तीन महिन्यांनी एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी) करा : 5.7 ते 6.4 हा उंबरठा, 6.5 पासून पुढे मधुमेह.

प्रश्न : ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, रक्तदाबही आहे. शेंगाचटणी बंद करू का?
— वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : बंद करू नका. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतं आणि त्यातली बरीचशी चरबी हृदयाला चालणारी असते. दिवसाला दोन चहाचे चमचे चटणी खुशाल वाढा. मात्र दाण्याच्या वजनात निम्मं तेलच असतं. उखळात कुटताना चटणी ओलसर होते ती त्यामुळेच. वरून आणखी तेल घालायची गरज नाही.

रक्तदाबाला खरा त्रास मिठाचा. माणशी दिवसाचं सगळं मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. त्यातच चटणी, लोणचं, पापड, पिठात घातलेलं मीठ, सगळं आलं. चटणीतलं मीठ निम्मं करा. लसूण आणि जिरं थोडं वाढवलं की उणीव जाणवत नाही. ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं.

तेल डब्यावर मोजा. माणशी रोज 20 ग्रॅम धरलं तर चौघांना महिन्याला साधारण अडीच लिटर पुरतं. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर आधी तिथं हात आखडा.

प्रश्न : आईला मधुमेहाची गोळी चालू आहे. आषाढीचा उपवास धरू द्यावा का?
— वाचक, बाळे

उत्तर : गोळी कोणती, ते आधी पाहा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर न जेवता घेतल्यास साखर एकदम उतरते; डोस डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. नुसत्या मेटफॉर्मिनमध्ये ही भीती फार कमी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, वाटीभर खिचडीनं साखर उसळते. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर द्या. घाम, थरथर, धडधड सुरू झाली किंवा साखर 70 च्या खाली गेली तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. उतरलेलीच असेल तर परत तेवढीच द्या, आणि मग उपवास सोडायला लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.