शूर्पणखेची एकांकिका लिहिणाऱ्या मुलीस

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी संहिता वाचली. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींना रंग चढला की लेखकाचं कुणी ऐकत नाही, म्हणून त्याआधीच सविस्तर लिहिते आहे.

विषय सोडू नकोस, हे पहिलं. ‘राक्षसिणीवर कसलं नाटक’ असं घरी म्हणाले, म्हणून तू खट्टू झालीस. नाक कापून घेण्यापुरती जिला आपण गोष्टीत आणतो आणि लगेच विसरतो, तिला कुणीतरी आधीपासून शेवटपर्यंत बघायलाच हवं. ते तू करते आहेस याचा मला फार आनंद आहे.

आता शेवटच्या प्रवेशाबद्दल. तुझी शूर्पणखा जळत्या लंकेसमोर उभी राहून भावाला सांगते, ‘माझा नवरा मारलास, म्हणून हे सगळं मी घडवलं.’ ही सूडाची कथा लोक सांगत आले आहेत आणि ती वापरायचा तुला पूर्ण हक्क आहे. पण वाल्मीकी रामायणात ती हे वाक्य कुठेच बोलत नाही. तिथे जे आहे ते मला जास्त भयंकर वाटतं, आणि ते तुझ्या संहितेत अजिबात आलेलं नाही.

उत्तरकांड काढ. नेहमीच्या छापील प्रतींत तेविसावा आणि चोविसावा सर्ग. रावणानेच बहिणीचं लग्न विद्युज्जिह्वाशी लावून दिलेलं. पुढे दिग्विजयाच्या भरात तो अश्मनगरावर चालून जातो, तिथल्या कालकेय दानवांशी लढतो आणि या मेहुण्याला तलवारीने कापतो. तलवारीने, हे लक्षात ठेव. कारण पुढच्याच सर्गात शूर्पणखा रडत त्याच्या पायांवर पडते आणि म्हणते की जावई तर युद्धातही राखायचा असतो, तू स्वतः त्याला मारलंस, तुला लाज कशी वाटत नाही? तेव्हा रावण सांगतो, मी लढाईच्या धुंदीत बाण सोडत होतो, आपला कोण, परका कोण, कळलं नाही.

हाताच्या अंतरावरून तलवारीने मारलेला माणूस, आणि बहिणीला सांगताना दूरवर सुटलेले बाण! तुझं नाटक इथे आहे. इथे थांब, घाई करू नकोस.

आणि लगेच पुढे तो काय करतो ते बघ. रडू नकोस, तुला काही कमी पडू देणार नाही, म्हणतो. मावसभाऊ खर, सेनापती दूषण आणि 14,000 राक्षस देऊन तिची दंडकारण्यात सोय लावतो. झालं ते झालं, आता तुझी व्यवस्था केली ना, मग विषय संपला. हे वाक्य आपल्या पेठांतल्या किती वाड्यांत, किती बहिणींनी ऐकलं असेल! तिने मागितली होती फक्त लाज, भावाला वाटावी अशी. ती सोडून बाकी सगळं तिला मिळालं. तिचा सूड समजून घ्यायचा तर हा अपुरा राहिलेला हिशेब आधी प्रेक्षकाच्या अंगावर आला पाहिजे. तुझ्या संहितेत तो नोकराच्या तोंडच्या दोन ओळींत उरकला आहे.

त्याच सर्गात आणखी एक गोष्ट आहे. रावण त्या वेळी पळवून आणलेल्या बायका घेऊन लंकेत परततो आहे. वाटेत त्या रडता रडता शाप देतात की याचा नाश स्त्रीमुळेच होईल. कोणती स्त्री, ते त्या सांगत नाहीत. आपण सीता समजतो. पण शाप दिल्यानंतर थोड्याच वेळात त्याच्या पायांवर येऊन पडते ती शूर्पणखा. त्या बायका आणि ती, सगळ्यांना एकाच वेळी रंगमंचावर ठेव. कुणाच्याही तोंडून स्पष्टीकरण नको.

उत्तरकांड ही नंतरची भर आहे असं बरेच अभ्यासक मानतात. यामुळे तू बिचकू नयेस. मला तर त्यात माया दिसते. ही बाई रानात एकटी का हिंडते, असं नंतरच्या कुणाला तरी वाटलं असेल आणि त्याने तिला भूतकाळ दिला असेल. जैन परंपरेत विमलसूरींच्या प्राकृत ‘पउमचरिया’त ती चंद्रनखा आहे, आणि तिचा मुलगा लक्ष्मणाच्या हातून चुकून मारला जातो. म्हणजे तिच्या रागाला कारण हवं, असं एकट्या तुलाच वाटलेलं नाही.

आता अरण्यकांडातला दरबार. नाक-कान कापलेले, दंडकारण्यातल्या जनस्थानातलं खराचं सैन्य संपलेलं, आणि ती रावणासमोर उभी राहते. इथे ती पाया पडत नाही. भोगात बुडालेला राजा, ज्याचे हेर निकामी, ज्याला आपलं जनस्थान गेल्याचीही खबर नाही, असं भर सभेत सुनावते. मग सीतेचं रूप वर्णन करते आणि म्हणते, तिला तुझी पत्नी करायला आणत होते, म्हणून माझी ही दशा झाली. हे धडधडीत खोटं आहे. आपण रामाकडे कशासाठी गेलो होतो हे ती गाळते, आणि नवऱ्याचा तर शब्दही काढत नाही. अंबेसारखं नव्हे. अंबा भीष्माला मारण्यासाठी उघड तप करते, चितेत शिरते, शिखंडी होऊन येते. तिचं सगळं बोलून झालेलं आहे. शूर्पणखा भावाला अचूक तिथे ढकलते जिथे तो मरणार, पण ती हे जाणून करते का, ते आपल्याला कळत नाही. तू ते कळवू नकोस. काम करणारी मुलगी समर्थ असेल तर नवऱ्याचं नाव न घेणंच ती ऐकू आणेल.

शेवटचं स्वगत मात्र काढच. त्या जागी युद्धकांडातला राक्षसींचा विलाप घाल. नवरे, मुलं, भाऊ गेलेल्या लंकेतल्या बायका एकत्र बसून रडतात आणि शिव्या देतात शूर्पणखेला. कुरूप, म्हातारी, ही रामासमोर गेलीच कशी, म्हणतात. तेव्हा रावण अजून जिवंत आहे. भावाने एका बहिणीला विधवा केलं, त्यातून आता शहरभर विधवा, आणि त्या तिच्याकडेच बोट दाखवतात. सूड गोड वाटावा अशी तुझी इच्छा मला समजते, तुझ्या वयाला ती शोभतेही. पण या बायकांना गाळून मिळालेला विजय मला मान्य नाही. शूर्पणखेला त्यांच्यातच बसव. ढोल नको, लाल प्रकाश नको.

रविवारी सकाळी ये. चोविसावा सर्ग संस्कृतातूनच आण, अडेल तिथे मी आहे. मुख्य भूमिका करणाऱ्या मुलीलाही सोबत घे. तिला रावणाचं ते बाणांचं उत्तर आधी वाचायला लावू आणि मग बहिणीचा प्रश्न.

तुझी,
मावशी